एक वाजता सोळा लाख

१६ जुलै २०२१, शुक्रवार. महाराष्ट्र राज्य मंडळाचा दहावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन पाहता येईल, असे आदल्या दिवशीच जाहीर झाले होते. एकच्या आधी पत्रकार परिषद झाली, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागल्याचे सगळ्या वाहिन्यांनी दाखवले. मग एक वाजला आणि मंडळाने दिलेली दोन्ही संकेतस्थळे बसली. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. आपण पास झालो हे जवळपास प्रत्येकाला ठाऊक होते. किती टक्क्यांनी, एवढेच कळायचे राहिले होते, आणि तेच कळेना.

बुलडाणा जिल्हा दहावी-बारावीपुरता अमरावती विभागीय मंडळात येतो. पण त्या दुपारी विभागाविभागांत काही फरक उरला नव्हता. घाटावर चिखली-मेहकर घ्या की घाटाखाली नांदुरा-मलकापूर, मोबाइलच्या पडद्यावर तेच फिरणारे चक्र आणि तोंडी तेच वाक्य : "साईटच नाही उघडून राहिली." मुंबईतल्या पोराला घरच्या वेगवान इंटरनेटवर जे दिसत होते, तेच संग्रामपूरच्या पोराला दिसत होते. खेड्यात रेंज नाही म्हणून निकाल दिसत नाही, हे नेहमीचे उत्तर यावेळी लागू पडले नाही. अडचण दुसऱ्या टोकाला होती.

तसा हा निकालच जगावेगळा होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, दहावीची परीक्षा रद्द झाली. शाळांनी अंतर्गत मूल्यमापनावर गुण दिले, त्यात नववीच्या गुणांचाही वाटा होता. परीक्षाच नाही, म्हणून हातात प्रवेशपत्र नाही. प्रवेशपत्र नाही, म्हणून आसनक्रमांक माहीत नाही. आणि निकाल पाहायचा तर आसनक्रमांक हवाच. मग आसनक्रमांक शोधण्याची वेगळी ऑनलाइन सोय करावी लागली. म्हणजे राज्यातल्या सुमारे १६ लाख मुलांना निकालाचे पान उघडण्याआधी आणखी एक पान उघडायचे होते. एरवी प्रवेशपत्र कंपासपेटीत घडी घालून ठेवलेले असते, तो क्रमांक घरच्यांनाही पाठ असतो. त्या वर्षी सगळ्यांची सुरुवात शून्यातून झाली.

आसनक्रमांकाच्या जोडीला दुसरी किल्ली होती ती आईच्या नावाची. ही पद्धत त्या वर्षाची नव्हे, जुनी आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या निकालाच्या पानावर बरीच वर्षे आईच्या नावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरे टाकावी लागत. ज्या अर्जात आईचे नावच नसेल, त्याच्यासाठी तीन वेळा एक्स. पुढे पूर्ण पहिले नाव मागायला लागले. संगणकशास्त्राच्या पुस्तकात याला सुरक्षा म्हणत नाहीत. आसनक्रमांक ओळीने असतात, आणि आईचे नाव वर्गातल्या अर्ध्या मुलांना माहीत असते. तरीही ही व्यवस्था शहाणपणाची होती, असे माझे मत आहे. पासवर्ड ठेवायचा नाही, लक्षात ठेवायचा नाही, विसरला म्हणून कुणाला फोन करायचा नाही. आणि शेजाऱ्याने उगीच क्रमांक टाकत बसून गल्लीभरच्या पोरांचे गुण काढायचे म्हटले तर त्याला थोडा तरी अडथळा. शिवाय ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचे जन्मगाव, तिथे ओळख पटवायला आईचे नाव विचारले तर कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

आता थोडे मागे जाऊ. निकाल गावात पोचण्याची एक जुनी रीत होती. वर्तमानपत्रात बारीक टाइपात आसनक्रमांकांचे रकानेच्या रकाने छापून येत, आणि पेपर घेऊन येणाऱ्या एसटीची वाट पाहत पोरे स्टँडवर उभी राहत. क्रमांक सापडला तर पास. गुण किती, ते शाळेत गुणपत्रिका आल्यावर. एकदा छापलेला पेपर हजार जणांनी वाचला तरी छापखान्यावर ताण येत नसे. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही मोजक्या महानगरांत. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याआधीच एनआयसीची केंद्रे होती, पण ती कलेक्टर कचेरीच्या कामासाठी. गावातल्या माणसाला संगणक दिसला तो पुढच्या दशकात : सायबर कॅफेत, एमएस-सीआयटीच्या वर्गात, सेतू केंद्रात. एमएस-सीआयटी हा संगणक-अभ्यासक्रम चालवणाऱ्या एमकेसीएल या संस्थेची स्थापना २००१ची. तिचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोचला आणि त्याच खोल्यांत जूनमध्ये निकाल पाहायला गर्दी होऊ लागली. केंद्रचालक एका प्रिंटचे दहा-वीस रुपये घेई, आणि ते त्याचे वर्षातले सगळ्यात जोराचे दिवस असत. हळूहळू मोबाइल हातोहाती आले. केंद्रात रांग लावणारी मुले घरात बसून त्याच मिनिटाला तेच बटण दाबू लागली. पूर्वी एका खोलीपुढे वीस जणांची रांग लागली तर ती दिसायची. आता लाखोंची रांग लागते आणि ती कुणालाच दिसत नाही, प्रत्येकाला वाटते आपण पहिलेच आहोत.

या गर्दीचे काय करायचे, याचा विचार जगात मात्र तोवर पुष्कळ झालेला होता. वेबचा जन्म जिथे झाला त्या जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेच्या सर्व्हरमध्येच १९९४च्या सुमारास अशी सोय आली की एकदा मागवलेले पान मधल्या यंत्राने जवळ ठेवायचे आणि पुढच्या माणसाला तेच द्यायचे. यालाच कॅशिंग म्हणतात. १९९५मध्ये अपाची सर्व्हर आला, आणि कुठले पान कुणाला दाखवायचे हे एका छोट्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवण्याची रीत त्याच्याबरोबर सगळीकडे पसरली. वेबवर पानांची देवाणघेवाण ज्या नियमांनी होते त्या एचटीटीपीची १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९७मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक पानाबरोबर पाठवायच्या सूचना नेमून दिल्या : हे पान इतके सेकंद जवळ ठेवा, हे सगळ्यांना द्यायला हरकत नाही, हे फक्त मागणाऱ्याच्याच यंत्रात राहू द्या, हे अजिबात साठवू नका. २००६मध्ये नॉर्वेच्या एका वर्तमानपत्राला आपल्या वाचकांची गर्दी झेपेना, म्हणून पॉल-हेनिंग काम्प यांनी वार्निश नावाचा सर्व्हर लिहिला. त्याचे काम एकच : तयार पाने हातात धरून उभे राहायचे आणि मागच्या यंत्राला शक्य तितका त्रास द्यायचा नाही. ही सगळी साधने फुकट मिळतात. २०२१मध्ये ती कुणाला नवी नव्हती.

शेगावला गेलेल्या माणसाला हे लगेच समजेल. गजानन महाराज संस्थानात समाधीच्या दर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला घाई आहे, ज्याला नुसते हात जोडून निघायचे आहे, त्याला तासन्‌तास गाभाऱ्याच्या बारीत उभे करीत नाहीत. २०२०च्या नोव्हेंबरात मंदिरे पुन्हा उघडली तेव्हा तर शेगावात ऑनलाइन ई-पास काढूनच दर्शनाला यायचे होते. कोण, किती वाजता, किती जण, हे आधी ठरलेले. ज्यांना गर्दी सांभाळायची सवय आहे ते गर्दी येण्याआधी वाटा पाडतात.

निकालाची गर्दी तर आधीच माहीत असलेली गर्दी. दिवस ठरलेला, मिनिट ठरलेले, माणसे मोजलेली. हिशेब करून पाहा. एका मुलाच्या निकालाच्या पानात नाव, आठ-दहा आकडे आणि थोडी चौकट. सढळ हाताने पाच किलोबाइट धरले तरी १६ लाख मुलांचे मिळून होतात सुमारे आठ गिगाबाइट. राज्याचा सगळा निकाल खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतो. आणि हा मजकूर बदलणारा नाही. एक वाजता जे गुण आहेत तेच चार वाजताही असणार. गुणपडताळणी नंतरची, तिची वाट वेगळी. मग प्रत्येक मुलाच्या प्रत्येक क्लिकसाठी माहितीकोशात शिरून, क्रमांक शोधून, आईचे नाव ताडून, पान नव्याने रचायचे कशाला? आदल्या रात्रीच १६ लाख पाने रचून ठेवता येतात, आणि दहा शहरांतल्या दहा यंत्रांवर त्यांच्या प्रती ठेवता येतात.

इथे कुणी विचारेल, पाने अशी उघड्यावर ठेवली तर कुणीही कुणाचेही गुण पाहील, त्याचे काय? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला उत्तरही आहे. पानाचे नाव नुसत्या आसनक्रमांकावरून न ठेवता आसनक्रमांक, आईचे नाव आणि मंडळाकडचा एक गुप्त शब्द यांच्या मिश्रणातून गणिताने काढलेल्या लांबलचक अक्षरमालेवरून ठेवायचे. दोन्ही गोष्टी बरोबर टाकल्या तर एक हलका, छोटा प्रोग्रॅम ती अक्षरमाला काढून देतो, माहितीकोशाला हात न लावता. पान कॅशमधून उचलले जाते. नाव चुकले तर तसे पानच नसते. निव्वळ अंदाजाने ती अक्षरमाला कुणाला सापडत नाही. एकाच आसनक्रमांकावर नावे बदलून बदलून पाहणाऱ्याला काही प्रयत्नांनंतर थांबवायचे, एवढी एक अट वर घालायची. कुलूप राहते आणि रांगही हलते.

कॅशिंग आणि कुलूप यांचा मेळ न बसवता घाई केली तर काय होते, याचा दाखला जगाने २०१५च्या नाताळात पाहिला. स्टीम या संगणक-खेळांच्या मोठ्या दुकानावर त्या दिवशी बाहेरून हल्ला झाला, गर्दी आवरण्यासाठी कॅशिंगची नवी मांडणी तातडीने लावली गेली, आणि तिच्यात लोकांची खासगी पानेही साठवली जाऊ लागली. काही वेळ असे चालले की आपले खाते उघडावे आणि दुसऱ्याचाच पत्ता समोर यावा. सुमारे ३४ हजार ग्राहकांची माहिती अशी परक्यांना दिसली असावी, असे कंपनीनेच नंतर सांगितले. गुणपत्रिकेच्या बाबतीत असे झाले असते तर? एका मुलीच्या पानावर दुसऱ्याच मुलाचे ४२ टक्के. संकेतस्थळ बसण्यापेक्षा ते वाईट. म्हणून घाबरून कॅशिंगच नको म्हणणाऱ्यांचेही मी थोडे समजू शकतो. पण घाबरणे हा उपाय नव्हे, आणि हे काम शेवटच्या दिवशी करायचेही नव्हे.

साईट एकदा अडली की ती आणखी अडत जाते, हे त्या दुपारी घडत होते तसेच प्रत्येक मोठ्या निकालाला घडते. पान पाच सेकंदांत आले नाही की माणूस ते पुन्हा लोड करतो. आधीची विनंती सर्व्हरच्या पोटात असतेच, वर दुसरी जाते. मुलगा मोबाइलवर, बहीण दुसऱ्या मोबाइलवर, मामा पुण्याहून, शिक्षक शाळेतून, सगळे एकाच क्रमांकासाठी. १६ लाखांचे बघता बघता कितीतरी पट होतात. सर्व्हर जी कामे करतो त्यांतली बरीचशी अशा लोकांसाठी असतात जे केव्हाच ते पान सोडून नव्या पानावर गेले. अशा वेळी "थोड्या वेळाने प्रयत्न करा" हे एका ओळीचे पानसुद्धा कॅशमधून पटकन देता आले तर लोक थांबतात. कोरा पडदा दिला तर कुणी थांबत नाही.

याच बुलडाणा जिल्ह्यात अशाच दुखण्याचा दुसरा अनुभव चार वर्षे आधीचा, आणि जास्त कडू. २०१७च्या जूनमध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी. अर्ज ऑनलाइनच भरायचा, आपले सरकारच्या केंद्रावर जाऊन, आधार आणि बोटाच्या ठशासह. २४ जुलैला अर्ज सुरू झाले. कापूस-सोयाबीनच्या कामाच्या दिवसांत नवरा-बायकोने दोघांनी अंगठे द्यायला तालुक्याला यायचे, आणि सर्व्हर चालत नाही म्हणून परत जायचे. रात्री उशिरा वेग येतो म्हणून लोक राज्यभर केंद्रांवर रात्री जागले. शेवटची तारीख १५ सप्टेंबरवरून २२ सप्टेंबरवर न्यावी लागली. घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नव्हते, ते दु:ख वेगळेच.

मात्र हे प्रकरण निकालासारखे नव्हते, हे सांगितले पाहिजे. तिथे प्रत्येक अर्ज नवा, प्रत्येक ठसा आधारच्या यंत्रणेशी ताडायचा. आधीच तयार करून ठेवण्यासारखे फार थोडे. तिथे लागतो तो वेळ वाटून देण्याचा शहाणपणा : आज या महसूल मंडळाची गावे, उद्या त्या. कॅशिंग सगळ्या दुखण्यांवर औषध नाही.

जमिनीच्या सातबाऱ्याचे तर उलटेच. अडीच कोटींहून अधिक सातबारे राज्याने ऑनलाइन आणले. महाभूलेख या संकेतस्थळावर जाऊन अमरावती विभाग, बुलडाणा जिल्हा, तालुका, गाव असे निवडत गेले की गट नंबरावरून उतारा दिसतो. तो पाहायला कुणालाही मुभा आहे. जमिनीचा मालक कोण, हे चावडीवर विचारणाऱ्याला सांगायचे असते, तसेच हे. पाहण्याला अडथळा मुख्यतः वाकड्या अक्षरांच्या त्या चौकोनाचा, म्हणजे कॅप्चाचा, यंत्रांनी गावेच्या गावे उचलून नेऊ नयेत म्हणून. लिहिण्याला मात्र कडक पहारा : फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, १५ दिवस हरकतीची वाट पाहायची, आणि मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करायची. ई-फेरफार प्रणालीत ही जुनी विभागणी तशीच संगणकावर आली, सहीच्या जागी डिजिटल प्रमाणपत्र. वाचणे सगळ्यांना, लिहिणे एकाला, शिक्का दुसऱ्याला : महसूल खात्याला हे इंटरनेटने शिकवले नाही, त्यांना ते आधीपासून येत होते.

पण सातबारा बदलतो. सकाळी बोजा चढला आणि दुपारी कुणी कॅशमधला कालचा कोरा उतारा दाखवून जमीन विकली, तर तो खटला नातवंडांपर्यंत जाईल. म्हणून इथे साठवून ठेवायची मुदत अगदी थोडी, आणि फेरफार प्रमाणित होताच जुनी प्रत फेकून द्यायची. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. त्यावर पडताळणी क्रमांक असतो, तो टाकून मूळ नोंदीशी ताडता येतो. कोणती गोष्ट किती वेळ शिळी चालते, हा प्रश्न प्रत्येक खात्याने आपल्या प्रत्येक पानाला विचारायचा असतो. निकालाला उत्तर : कायम. सातबाऱ्याला : जवळपास अजिबात नाही.

पुन्हा २०२१कडे. संध्याकाळच्या सुमारास निकाल हळूहळू दिसू लागले. शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी विद्यार्थ्यांची गैरसोय झाल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि चौकशीचे आदेश दिले. चारच दिवसांनी, २० जुलैला, अकरावीच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे अर्ज सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी ते पोर्टल तांत्रिक कारणाने बंद ठेवावे लागले आणि २६ जुलैला पुन्हा उघडले. पोरांनी अर्ज भरले, अभ्यास सुरू केला, आणि १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द केली. त्या वर्षीच्या दहावीवाल्यांनी जे सोसले त्याला तोड नाही : दहावीची परीक्षा झाली नाही, आणि अकरावीच्या प्रवेशाचीही नाही.

मधल्या काळात ३ ऑगस्टला दुपारी चार वाजता बारावीचा निकाल लागला, ९९.६३ टक्के. या वेळी मंडळाने दोन पत्त्यांवर भिस्त ठेवली नाही. स्वतःचे संकेतस्थळ, एनआयसीचे, एमकेसीएलचे, अकरावी प्रवेशाचे, असे अनेक पत्ते आधीच जाहीर केले. गर्दी विभागली गेली. पुढच्या वर्षांत तर डिजिलॉकरवरही गुणपत्रिका मिळू लागल्या. अनेक पत्ते देणे म्हणजे त्याच पानाच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवणे. १९९४च्या सुमारास सर्नमध्ये सुचलेली युक्ती, सरकारी परिपत्रकाच्या वाटेने आलेली. उशिरा आली, पण आली, आणि अठरा दिवसांत आली. हे श्रेय द्यायला हवे.

एक मागणी मात्र शिल्लक आहे. प्रवासी गाडी रुळावरून घसरून मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. १६ लाख मुलांची दुपार घसरली, तर तिचाही हिशेब सगळ्यांना वाचता आला पाहिजे. शिक्षण मंडळाने आणि महसूल, कृषी अशा प्रत्येक खात्याने आपापल्या मोठ्या दिवसांचे अहवाल संकेतस्थळावर कायमचे ठेवावेत : पहिल्या तासात किती विनंत्या आल्या, किती पाने गेली, किती कॅशमधून गेली, आधी किती गर्दीची चाचणी घेतली होती, यंत्रणा कुठे अडली आणि नंतर काय बदलले. पाच-सहा पानांची एक पीडीएफ पुरेशी आहे. ती बदलणार नाही, गुप्तही नाही. कितीही लोकांनी एकदम उघडली तरी द्यायला अडचण येऊ नये.